माझीच वायर सैल होती

अजूनही मिरची बाजाराच्या फाटकापाशी कुणीतरी हटकून विचारतोच, "काय चाचा, वायर कशी शे?" आणि आजूबाजूचे चार जण हसतात. मीही हसतो. न हसून सांगतो कुणाला? पण आतून असा संताप येतो की हातातला पाना त्याच्या टाळक्यात घालावा. विचारणारा हमाल असो नाहीतर अडत्या, मॅग्नेटो कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसतं. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला असतो, बस्स. त्यात मी माझ्याच तोंडाने, माइकवर, सगळ्या गावासमोर सांगतोय की चूक माझी आहे. ती चूक माझी नव्हती. बायको सोडून हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नंदुरबार स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षांची गर्दी लागते, तिच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. वडिलांनी काढलेलं. ते मॅग्नेटो भरायचे, म्हणजे आतली जळकी गुंडाळी काढून नवी तार गुंडाळायचे. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. आत लोहचुंबक आणि केसाएवढ्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. ते फिरलं की ठिणगी पडते, ठिणगीने पेट्रोल पेटतं आणि इंजिन चालतं. एके काळी रॉकेलवरचे पाण्याचे पंप, जुन्या फटफट्या, सगळं यावरच चालायचं. नवापूरपासून शहाद्यापर्यंत कुणाचं इंजिन मुकं झालं की लोक मॅग्नेटो फडक्यात बांधून एस.टी.ने आमच्याकडे यायचे. वडील ठिणगी बोटावर घेऊन तपासायचे. झटका कोपरापर्यंत गेला तर माल पास, मनगटाशीच थांबला तर पुन्हा उकला. मी तो झटका पहिल्यांदा घेतला तेव्हा शाळेत होतो, आणि भोकाड पसरलं होतं. वडील म्हणाले, "रोना नहीं. ये अपनी रोटी है."

ती रोटी माझ्याच डोळ्यांदेखत संपली. शेतात वीज आली, गाड्यांत बंद डबीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं. डबी बिघडली की फेकायची, दुसरी लावायची. मी मिक्सर, पंखे, बोअरच्या मोटारी भरायला लागलो. त्यात वाईट काही नाही, पण ते काम स्टेशन रोडवर आणखी दहा जण करतात. मॅग्नेटो भरणारा मी एकटा होतो आणि कुणाला माझी गरज नव्हती. वडिलांचं गुंडाळी भरायचं हातयंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. बायको दर ईदला साफसफाई करताना म्हणायची, "भंगारात द्या ना हे धूड." मी म्हणायचो, राहू दे. का राहू दे, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग एक दिवस अप्पा आले. तापीकाठच्या गावातले बागायतदार. पपई, केळी, ऊस. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण सगळा गाव अप्पा म्हणतो म्हणून मीही अप्पा म्हणतो. ते मला चाचा म्हणतात. त्यांना जुन्या इंजिनांचा नाद. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेलाची इंजिनं, जुने ट्रॅक्टर, फटफट्या मांडून ठेवलेल्या. त्यांच्या दोन फटफट्या मीच बोलत्या केल्या होत्या.

"चाचा, चला गाडीत बसा. एक गंमत दाखवतो," म्हणाले.

शेडमध्ये भलंमोठं लाकडी खोकं उघडून ठेवलं होतं. आत फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसवलेले नऊ सिलिंडर. विमानाचं इंजिन, म्हणे. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. परदेशातल्या कुणा म्हाताऱ्याच्या कोठारातून अप्पांनी ते मिळवलं होतं. मला वाटलं माणूस खुळावला. नंदुरबारात विमान येत नाही, आणि हे विमानाचं इंजिन घेऊन बसले!

पण जवळ गेलो आणि बघतच राहिलो. आपल्या ओळखीच्या इंजिनात सिलिंडर जागच्या जागी असतात आणि आतला दांडा फिरतो. इथे सगळं उलटं. दांडा पक्का जखडलेला, आणि नऊच्या नऊ सिलिंडर लाकडी पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरणार. मॅग्नेटो मात्र मागे, हलत नाही. मग फिरत्या सिलिंडरांना ठिणगी पोचवायची कशी? त्यासाठी इंजिनाच्या पाठीवर एक काळी कडी, जुन्या कडक रबराची, आणि तिच्यात पितळेचे नऊ तुकडे. मॅग्नेटोकडून आलेला कार्बनचा ब्रश त्या फिरत्या कडीला टेकून असतो. जो तुकडा ब्रशखाली येईल त्याच्या सिलिंडरला ठिणगी. तुकड्यापासून प्लगपर्यंत उघडी पितळी तार, वर आवरणसुद्धा नाही. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हे डोक्यातून काढलं, आणि ते मला एका नजरेत कळलं. फार वर्षांनी असं काही कळलं होतं.

मॅग्नेटो अर्थातच मेलेलं होतं. अप्पा म्हणाले, "सुरतचे एक पाहुणे आहेत, ते म्हणतात हे काढून टाका, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक डबी लावा. मी म्हटलं आधी आमच्या चाचाला दाखवतो."

त्या एका वाक्यावर मी दोन महिने काम केलं. जुनी गुंडाळी उकलताना तार हातात तुटत होती. वेढे मोजत, कागदाचे थर सांभाळत सगळी उकलली. वडिलांचं यंत्र पुसून तेल घातलं आणि नवीन तार भरली. एका थरात तार एकदा जरी दुमडली तर सगळं वाया जातं, म्हणून त्या वेळी दुकानाचं दार बंद करून बसायचो. लाखेत बुडवलं, वाळवलं. लोहचुंबक पुन्हा जागा केला. पहिली ठिणगी मी बोटावरच घेतली. झटका कोपराच्याही वर गेला आणि मी एकटाच वेड्यासारखा हसत बसलो. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "पास."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी आम्ही ते शेडबाहेर ट्रॉलीवर जखडून चालवलं. पहिल्या दिवशी नाही चाललं. या इंजिनात एरंडेल तेल घालतात. हो, तेच, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते. इंजिन उभं राहिलं की ते तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं आणि त्यांचे प्लग बुडतात. ते काढून पेट्रोलने धुतले, ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी हाताने ओढून पंखा मारला तसं ते धडाडलं. नऊ सिलिंडरांचा तो लोखंडी गोळा डोळ्यांसमोर फिरून नुसता धुरकट दिसायला लागला. अंगावर एरंडेलाचे शिंतोडे, वास असा की पोटात कळ यावी. अप्पांनी मला मिठी मारली. म्हणाले, "चाचा, दसऱ्याला सगळ्यांसमोर चालवू. जुन्या गाड्यांवाले येतील सुरतेहून, नाशकाहून. सगळ्यांकडे मेलेली मॅग्नेटो पडून आहेत, आणि भरणारा माणूस कुणाला मिळत नाही. इथे पितळेची पाटी लावतो तुमच्या नावाची."

मला पाटीचा मोह नव्हता, असं म्हटलं तर खोटं होईल. होता. पण त्याहून जास्त हे होतं की काम पुन्हा येणार होतं. माझं काम, दुसऱ्या कुणाला न येणारं. दसऱ्याला ते इंजिन लोकांसमोर चाललं की मी पुन्हा मॅग्नेटोवाला होणार होतो, नाहीतर मरेपर्यंत मिक्सरवाला.

अप्पा पाटीचं बोलले तेव्हा वहिनीही तिथे होत्या. अप्पांच्या पत्नी. शिकलेल्या, बोलायला मोकळ्या, शेतीचा अर्धा व्याप त्याच बघतात. त्यांनी विचारलं, "चाचा, एवढ्या लोखंडात याचा जीव नेमका कुठे?" मी फुशारलो. बॅटरी मारून मागच्या फटीतून ती काळी कडी दाखवली. "इथे, वहिनी. नऊ सिलिंडर, नऊ तुकडे. सगळा जीव इथे." हात लावू नका, एवढं म्हणायचं राहिलं. त्या क्षणी मला शहाणपण सांगायचं होतं, सावध करायचं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी बायकोने इस्त्रीचा पांढरा सदरा काढून दिला. अप्पांच्या शेतावर मांडव, खुर्च्या, माइक. माणसं जमली होती. येणारा-जाणारा हातात आपट्याची पानं देत होता, मी घेत होतो, देत होतो. आमच्या गल्लीतही दसऱ्याला शेजारी माझ्या यंत्रांना झेंडूची माळ घालून जातात, मी कधी काढलेली नाही. शेडमधल्या सगळ्या इंजिनांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. विमानाचं इंजिन मात्र समोरून कोरं. अप्पांनीच बजावलं होतं की पंख्याला फुलं लावू नका, फिरला की लोकांच्या डोळ्यात जातील. मला बरं वाटलं.

सुरतच्या पाहुण्यांनी गाडीची डिकी उघडून मला तीन मॅग्नेटो दाखवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकाहून एक सुंदर. म्हणाले, "आधी तुमचं काम बघू. मग ही तुमच्याच ताब्यात." माझे हात शिवशिवायला लागले, खरंच सांगतो.

नारळ फुटला. अप्पांच्या दोन गड्यांनी पंखा मारला. ठॉक! एक खोकला, पांढरा धूर, आणि पंखा उलटा फिरला. गडी मागे सरकला म्हणून हात वाचला. दुसऱ्यांदा दोन खोकले, नको त्या वेळी, नको त्या सिलिंडरात. तिसऱ्यांदा काहीच नाही. मग दहा वेळा मारला, काही नाही. लोक आधी गप्प होते, मग कुजबुज, मग मागून कुणीतरी ओरडलं, "बैलं जुंपा!" हशा पिकला.

"काय व्हयनं, चाचा?" अप्पांनी विचारलं. आवाज हलका होता, पण चेहरा उतरला होता.

आधी खालचे प्लग काढले, एरंडेल असेल म्हणून. थोडं होतं. धुतले, लावले. नाही. सगळ्यांच्या नजरा मॅग्नेटोवर, म्हणजे माझ्यावर. पाहुणे अप्पांना म्हणाले, "वाइंडिंग गेलं असणार. हाताने भरलेलं कुठवर टिकणार?" मला ऐकू जाईल इतपतच हळू. माझं डोकं सणकलं. मॅग्नेटोची तार ब्रशपासून सोडवली, टोक इंजिनाच्या अंगाजवळ धरलं आणि मॅग्नेटो फिरवलं. निळी ठिणगी, चट चट चट, पाहुण्यांच्या नाकासमोर. म्हणजे माझं काम जिवंत होतं. प्लग चांगले. उघड्या तारा एकेक बोटाने चाचपल्या, त्याही धड. मग मधे राहिलं काय? कडी.

ती समोरून दिसत नाही. इंजिनाची पाठ आणि मागचा लोखंडी पाट यांत चार बोटांची फट, त्यात अंधार. मी जमिनीवर आडवा झालो, पांढऱ्या सदऱ्यासकट, आणि बॅटरी मारली. काळी कडी लाल झाली होती.

कुंकू. ओलं कालवून लावलेलं, दोन तुकड्यांच्या मधे एक बोट, असं नऊ ठिकाणी. समोर फुलं लावायची नाहीत म्हणून कुणीतरी हात आत घालून, जिथे इंजिनाचा जीव आहे तिथे, मनापासून पूजा केली होती. गड्यांनी पंखा फिरवला तसा ब्रशने ते ओलं कुंकू घासत घासत कडीभर पसरवलं, एरंडेलाच्या ओशटात ते चिकटलं, आणि माझी ठिणगी एका सिलिंडरला जायच्या ऐवजी त्या लाल पट्ट्यावरून नऊच्या नऊ सिलिंडरांकडे सांडत होती. कोण ते मला लगेच कळलं. जीव कुठे आहे हे मी एकाच माणसाला दाखवलं होतं.

पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं आत घातलं आणि कडी पुसली. दोनदा, तीनदा. फडकं लाल झालं. ते घडी करून खिशात कोंबलं आणि उठलो.

"सापडलं?" अप्पांनी विचारलं, आणि हातातला माइक माझ्या तोंडापुढे धरला. "सांगा सगळ्यांना, काय होतं!"

त्यांना वाटलं असेल, चाचाची हुशारी लोकांना कळू द्यावी. मी समोर बघितलं. पन्नासएक मोबाईल वर झालेले. त्यामागे वहिनी, हातात ओवाळायचं ताट. मी काय सांगणार होतो? की पूजेच्या कुंकवाने इंजिन बंद पाडलं? दुसऱ्या कुणी, माझ्या नावाच्या नसलेल्या कुणी मिस्तरीने सांगितलं असतं तर लोक हसले असते, वहिनींची थोडी चेष्टा झाली असती, आणि विषय संपला असता. पण मी? दसऱ्याच्या दिवशी, माइकवर? माझं अर्धं वाक्य कापून संध्याकाळपर्यंत कुठे कुठे फिरलं असतं कोण जाणे. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी डोळे वटारले नव्हते. त्या माणसांत मी जन्म काढला होता, त्यांच्याकडे जेवलो होतो. तरी मनातल्या मनात मी दुसरं कारण शोधायला लागलो होतो. हे जे आपोआप होतं ना, कुणी काही न म्हणता, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "मॅग्नेटोची वायर सैल राहिली होती."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. अप्पांचा चेहरा क्षणभर पडला, मग तेही हसले. गड्यांनी पंखा मारला आणि पहिल्याच फटक्यात इंजिन धडाडलं. मांडवभर एरंडेलाचा धूर, पोरंटोरं नाक धरून नाचताहेत, सगळे खूश. असं चाललं ते इंजिन, असं चाललं, की माझ्या वडिलांनी बघायला हवं होतं. आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

पाहुणे निघताना मी त्यांच्या गाडीपाशी गेलो. डिकी बंद होती. म्हणाले, "चाचा, वयपरत्वे होतं असं. वायर सैल राहिली आणि गड्याचा हात गेला असता तर? बघू पुढे." म्हणजे काय ते मला कळलं. मी कधी, आयुष्यात कधी, वायर सैल ठेवलेली नाही. माझ्या हातचा स्क्रू दुसऱ्याला उघडताना घाम फुटतो. आणि त्या माणसाला मी हे सांगू शकलो नाही, कारण थोड्याच वेळापूर्वी माझ्याच तोंडाने उलटं सांगितलं होतं.

घरी आलो. बायकोने सदऱ्याच्या खिशातून ते फडकं काढलं आणि घाबरली, तिला रक्त वाटलं. तिला सगळं सांगितलं. तिने फडकं बादलीत टाकलं. मग म्हणाली, "बरं केलं." मला वाटलं ती भांडेल, तर ती म्हणाली बरं केलं. मग मीच तिच्यावर उखडलो, विनाकारण.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला. त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. विमानाचं इंजिन नंदुरबारात, लोकांना अप्रूप. पण त्याच्या सुरुवातीला मी, तेलकट सदऱ्यात, "माझंच चुकलं" म्हणताना. सुरत नाही, नाशिक नाही, एकही मॅग्नेटो माझ्या दुकानात आलं नाही. पंधरा दिवसांनी अप्पांचा फोन. "चाचा, राग मानू नका. गडी घाबरतात पंखा मारायला. पाहुण्यांनी डबी पाठवलीय, ती लावतो. तुमची गुंडाळी मी इथेच जपून ठेवणार होतो, पण तुमच्याकडेच राहिलेली बरी." दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने ती आणून दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन पपया. पपया गोड होत्या, हेही सांगून टाकतो.

हिवाळा आला. गावाबाहेर मिरच्या वाळत घातल्या की नंदुरबारचं सगळं गाव शिंकतं, त्या दिवसांत वहिनी दुकानात आल्या. एकट्याच. मिक्सर बिघडला होता. त्यांच्या तालुक्याच्या गावात मिक्सरवाले काय कमी आहेत? मी समजलो. मिक्सर उघडला, मान खाली घालून बघत बसलो. ब्रश झिजले होते, दहा मिनिटांचं काम.

"चाचा," त्या म्हणाल्या. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या, त्या दिवशी घरची अहिराणी आली. "ते कुकू मीच लायेल व्हतं."

"माले माहीत शे, वहिनी."

"मंग तुम्ही खोटं कसाले बोलनात?"

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. मग त्या सुरू झाल्या, आणि चांगल्या तापल्या. म्हणाल्या, तुम्ही फडकं खिशात घातलंत ते मी बघितलं. मला तिथेच कळलं. मी ताट खाली ठेवून पुढे येतच होते, सांगणार होते की माझ्यामुळे झालं, तोवर तुम्ही बोलून मोकळे. काय वाटलं तुम्हाला, आम्ही तुम्हाला खाल्लं असतं? इतकी वर्षं येता-जाता, ताटाला ताट लावून जेवता, आणि आम्हाला एवढंच ओळखलंत? तुम्ही माझी लाज राखलीत असं तुम्हाला वाटत असेल. मला तर ते चपराक मारल्यासारखं वाटलं.

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. कारण ती बाई खरं बोलत होती. मी त्यांना विचारण्याआधीच त्यांचा निकाल लावून टाकला होता. आणि मला हेही दिसत होतं की दसऱ्याला तीन महिने होत आले होते.

"मग नंतर का नाही बोललात?" मी विचारलं. माझाही आवाज चढला. "माझं काम गेलं, वहिनी. गुंडाळी परत आली पिशवीतून. रोज बाजारात माझी टिंगल होते. तुम्हाला माहीत होतं ना? एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

 पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कसं बोलू? तुम्हीच सांगितलंत वायर सैल होती. मी बोलले तर लोक म्हणतील मिस्तरी खोटारडा."

"लोकांचं सोडा. अप्पांना सांगितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "घरात सासूबाई आहेत, दीर आहेत. पूजेने अपशकुन झाला म्हणतील. माझ्या हाताने झाला म्हणतील. तुम्हाला माहीत नाही चाचा, आमच्या घरात कसं असतं."

मला हसू आलं, कडू. ज्या बाईने मला आत्ता सुनावलं की तुम्ही आमच्या माणसांवर भरवसा ठेवला नाहीत, तिला स्वतःच्या घरात तेवढा भरवसा नव्हता. मी त्यांना ते बोलून दाखवलं नाही. मिक्सर बंद केला, लावून दाखवला. चालला. त्या उठल्या, दारात थांबल्या.

"यांच्या कानावर घालू नका, चाचा."

"नाही घालणार," मी म्हणालो.

रिक्षा वळली तशी बायको आतून बाहेर आली. पडद्याआड तिने सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही. माझा मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आत्ता लावा फोन. त्या माणसाला खरं सांगा. तुम्ही कुणाचं देणं लागत नाही."  दसऱ्याला 'बरं केलं' म्हणाली होती ती हीच बाई. तेव्हापासून ती माझ्याइतकीच जळत होती, आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी नंबर लावला. दोन रिंग झाल्या. मनात वाक्य तयार होतं: अप्पा, वायर सैल नव्हती. एवढंच. वडिलांच्या नावावरचा डाग या चार शब्दांनी पुसला जाणार होता. बायको समोर उभी, हात पदराला पुसत, माझ्या तोंडाकडे बघत.

"बोला चाचा!" अप्पांचा आवाज, मोकळा, खूश. मागे इंजिन चालू होतं. डबीवरचं, एकसारखं, न खोकता. "बोला, बोला, काय म्हणताय?"

"अप्पा," मी म्हणालो.

"हां?"

"वहिनींचा मिक्सर झाला. त्या निघाल्यात इथून."

"अरे, एवढ्यासाठी फोन केलात?"

"हो," मी म्हणालो, "एवढ्यासाठीच."